पेन्शन भक्कम आहे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. उदोन, थायलंड.

निवृत्तीच्या व्हिसाची मुदत २१ मार्चला संपते. मुदतवाढीचे अर्ज शेवटच्या महिन्यात घेतात. माझं ठरलंय: २० फेब्रुवारीला सकाळी पहिला नंबर, शिक्का, आणि जेवायला घरी. बाकीचे गोरे ऐनवेळी धावाधाव करतात. मी करत नाही. बर्मिंगहॅमला अख्खी नोकरी ड्रायव्हिंगची परीक्षा घेण्यात गेली. तयारी न करता येणाऱ्यांचं काय होतं हे मला माहीत आहे. मीच ते करायचो.

यंदा एकच फरक. आजवर बँकेत आठ लाख बात ठेवलेले दाखवायचो. ते सध्या गुंतवलेत. टेरीच्या भागीदारीत रिंगरोडवर तळलेल्या मासळीचं दुकान. दुकान तात्पुरतं बंद आहे. टेरी तात्पुरता स्कॉटलंडला आहे. म्हणून यंदा दुसरी वाट: इंग्लंडहून माझी पेन्शन दर महिन्याला इथल्या खात्यात येते, पासष्ट हजार बातच्या खाली नाही, असं बारा महिन्यांचं दाखवायचं. येतेच. पेन्शन भक्कम आहे.

संकल्प: सरकारी माणसांवर ओरडायचं नाही. बिअर आठवड्यातून तीनदाच.

५ फेब्रुवारी

हालवार आला. शेजारी, नॉर्वेचा, जन्मभर फेरीबोट चालवली. न विचारता फ्रीज उघडतो. त्याचे आठ लाख बँकेत देवघरातल्या मूर्तीसारखे बसून आहेत, वर्षानुवर्षं हात लावलेला नाही. असली माणसं मला आवडत नाहीत. पैशाला कामाला लावायची धमक नाही.

विचारत होता, बाराही महिने पुरते आहेत ना, एकदा बघून घे. मी म्हटलं, मी परीक्षक होतो. तो म्हणाला, म्हणूनच म्हणतो.

बिअर: दोन. त्याने घेतलेली धरलेली नाही.

१२ फेब्रुवारी

बँक बंद. पौर्णिमेचा सण. या देशात एक तर सण असतो नाही तर सणाची तयारी.

वानदी पहाटेच देवळात गेली, भिक्खूंना चिकट भात वाढायला. वानदी म्हणजे मी जिच्या घरी राहतो ती. म्हणजे, जी माझ्याबरोबर राहते ती. बासष्ट वर्षांची, विधवा. नवरा गावच्या शाळेत हेडमास्तर होता. दिवाणखान्यात त्याचा मोठा फोटो आहे, पांढऱ्या गणवेशातला. जेवताना तो माझ्या ताटाकडे बघतो. फोटो दुसऱ्या भिंतीवर लावू या असं मी सुचवलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, तुम्हीच दुसऱ्या खुर्चीत बसा की.

आल्यावर विचारलं, कागदांचं झालं का? मी म्हटलं, ती माझी कामं आहेत, तू नको डोकं चालवू. ती म्हणाली, तुमची आहेत म्हणून तर विचारते.

गावात मला तेवा म्हणतात. ट्रेव्हर म्हणता येत नाही त्यांना. तेवा म्हणजे देव. उच्चाराचंच कारण असेल असं मला वाटत नाही.

१४ फेब्रुवारी

पासबुक भरून आणलं. सप्टेंबरमध्ये चौसष्ट हजार आठशे. पौंड घसरला होता, त्याला मी काय करणार. चौसष्ट आठशे म्हणजे पासष्टच. कुणीही शहाणा माणूस पासष्टच म्हणेल.

नोव्हेंबरमध्ये सत्तेचाळीस. तेव्हा दुकानाच्या कढयांचा हप्ता टेरीला परस्पर तिकडेच दिला होता. पण जानेवारीत चुकून सत्तरच्या वर आले आहेत. सरासरी काढली की झालं. सरासरी अजून काढलेली नाही.

२० फेब्रुवारी

पहिला नंबर नाही. अकरावा. माझ्यापुढे एक डच माणूस आणि त्याची अख्खी सासुरवाडी.

इमिग्रेशनच्या काउंटरला एक बाई. पोलीस कॅप्टन, चाळिशीची, चष्मा, खांद्यावर तारे. मान वर न करता कागद उलटते. तो चेहरा मी ओळखला. डाव्या हाताचा आरसा बघितला नाही म्हणून मी लोकांना परत पाठवायचो, तेव्हा माझाही असाच असायचा. फरक इतकाच की माझं बरोबर असायचं.

बँकेचं पत्र जुनं आहे म्हणाली. सहा दिवसांचं आहे! ताजं आणा म्हणाली. पत्र आहे का पाव? हे मी बोललो नाही. म्हणजे इंग्रजीत बोललो. तिला इंग्रजी उत्तम येतं.

ओरडलो नाही. आवाज चढला असेल.

२४ फेब्रुवारी

ताजं पत्र, ताजं स्टेटमेंट, प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईची सही. कॅप्टनबाईंनी पेन्सिल घेतली. बारा ओळींवरून ती पेन्सिल अशी गेली, जशी मांजर कुंपणावरून जाते. सप्टेंबरला थांबली. टिंब. नोव्हेंबरला थांबली. टिंब.

मी सरासरी समजावून सांगितली. शांतपणे. दोनदा.

ती म्हणाली, काका, सरासरीला व्हिसा नसतो, महिन्याला असतो.

काका! मी तिला म्हटलं, बाई, मी स्वतः सरकारी परीक्षक होतो, माणसाकडे एकंदरीत बघायचं असतं. तिने पहिल्यांदाच मान वर केली. म्हणाली, हो का? मग एखाद्याने अख्खी परीक्षा चांगली गाडी चालवली आणि एकदाच लाल दिवा तोडला, तर पास करायचात का तुम्ही?

मी माझे कागद एकावर एक नीट जुळवून घेतले. अशा वेळी कागदांच्या कडा जुळणं महत्त्वाचं असतं.

मागे रांगेतला डच माणूस हसला. तो तिथे परत कशाला आला होता कोण जाणे.

घरी वानदीला सांगितलं, किरकोळ तांत्रिक मुद्दा आहे. बिअर: चार. तांत्रिक कारणाने.

२७ फेब्रुवारी

बँकॉकच्या आपल्या ब्रिटिश वकिलातीला लिहिलं होतं: माझी पेन्शन भक्कम आहे असं एका ओळीचं पत्र द्या. पूर्वी द्यायचे. उत्तर आलं, असली पत्रं देणं आम्ही कधीच बंद केलंय. खाली 'आपला दिवस चांगला जावो' असं होतं. याच लोकांसाठी मी जन्मभर कर भरला.

शेतं जाळायला सुरुवात झालीय. सगळीकडे काजळी. दोरीवरचा माझा पांढरा शर्ट राखाडी झाला. तक्रार कुणाकडे करायची ते विचारलं. वानदी म्हणाली, वाऱ्याकडे.

१ मार्च

हालवारने पैसे देऊ केले. उसने! माझ्याच पायरीवर बसून! वर म्हणतो, पण ते आज टाकून उपयोग नाही, अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात मुरावे लागतात, तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. म्हणजे उपयोग नाही हे माहीत असून देऊ केले. याला चांगुलपणा म्हणतात नॉर्वेत.

त्याला जा म्हटलं. जाताना त्याने माझा बिअरचा रिकामा क्रेट उचलून दाराशी नीट लावून ठेवला. मुद्दाम.

४ मार्च

तिसऱ्यांदा गेलो. बरोबर इंग्लिश बिस्किटांचा डबा. लाच नव्हे, संस्कृती. कॅप्टनबाईंनी डबा दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाल्या, काका, हे घरी बायकोला द्या.

मी म्हटलं, मी अविवाहित आहे.

म्हणाल्या, मग या पत्त्यावर तुमच्याबरोबर राहतात त्या कोण?

मी म्हटलं, ते वेगळं.

तेव्हा त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. म्हणाल्या, थाई बायको असती तर चाळीस हजारांत भागलं असतं. लग्नाच्या व्हिसाला महिन्याला चाळीसच लागतात.

चाळीस! माझा नोव्हेंबरसुद्धा सत्तेचाळीस आहे!

टुकटुकवाल्याशी भाड्यावरून भांडलो नाही. इतका आनंद झाला होता.

५ मार्च

शांतपणे विचार केला. आठ वर्षं मी लग्नाचा विषय कटाक्षाने टाळला. गोरा म्हटला की इथल्या बायकांचा डोळा पेन्शनवर, हे पहिल्याच वर्षी बारमध्ये सगळ्यांनी सांगितलं होतं. वानदीनेही विषय कधी काढला नाही. फार धोरणी बाई. वाट बघत असणार.

आता तिची वाट संपली म्हणायची. मी लग्नाला परवानगी देणार आहे.

माझ्या अटी: फोटो दुसऱ्या भिंतीवर. जेवणात आंबवलेल्या मासळीचा तो प्रकार आठवड्यातून दोनदाच. तिच्या नणंदेने सकाळी सहाला येऊन अंगणात मोठ्याने बोलायचं नाही.

७ मार्च

इथे नवऱ्या मुलाने सोनं द्यायची पद्धत आहे. ती कुमारिकांसाठी. चौकशी केली नाही, पण तसंच असणार. मी टेबलफॅन घेतला. तीन स्पीडचा. उपयोगाची वस्तू.

विचारायचं कसं, त्याचा सराव आरशापुढे केला. गुडघ्यावर बसून उठताना खाटेचा आधार लागतो. उभ्यानेच विचारायचं ठरवलं.

लग्नासाठी वकिलातीचा 'हा माणूस मोकळा आहे' असा कागद लागतो, त्याचं भाषांतर, त्याच्यावर शिक्के. बँकॉकला जाऊन यायला आठवडा. २१ तारखेच्या आत बसतं. जेमतेम नाही, आरामात बसतं.

८ मार्च, दुपार

विचारलं.

ती अंगणात बांबूच्या बाकावर बसून कच्ची पपई कुटत होती. शेजारी नणंद, नाव काम्पान, लसूण सोलत. मी काम्पानला जरा बाजूला व्हायला सांगितलं. ती जरा बाजूला झाली. म्हणजे बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

मी फॅन पुढे ठेवला आणि म्हटलं की, वानदी, मी विचार केला आहे, तुझ्या भविष्याची सोय व्हावी असं मला वाटतं, आपण तालुक्याच्या कचेरीत जाऊन लग्न नोंदवू.

मुसळ थांबलं. तिने फॅनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाली, कितीला पडतोय?

मी म्हटलं, भेट आहे.

ती म्हणाली, फॅनचं नाही, लग्नाचं विचारते. व्हिसा चाळीस हजारांत होतो म्हणून ना? (हालवारची बायको इमिग्रेशनसमोरच नूडल्सची गाडी लावते. या गावात माणसाला खासगी आयुष्य नाही.)

मी म्हटलं, व्हिसा हा गौण मुद्दा आहे.

मग ती हसायला लागली. काम्पान आधीच हसत होती. हसून झाल्यावर, डोळे पुसून, वानदी एकदम सरळ आवाजात म्हणाली, आणि मास्तरांची पेन्शन? ती कोण देणार, तुम्ही?

कसली पेन्शन, मी विचारलं.

म्हणाली, मास्तर सरकारी नोकर होते. ते गेले त्या महिन्यापासून मला पेन्शन आहे, मरेपर्यंत. दुसरं लग्न नोंदवलं की त्याच दिवशी बंद. तुम्हाला काय वाटलं, घर कशावर चालतंय? तुमच्या त्या मासळीच्या दुकानावर?

मी म्हटलं, घरात मी दर महिन्याला पैसे देतो.

काम्पान म्हणाली, हो हो, बिअरचे देतात.

आठ वर्षं मला वाटत होतं की ही माझ्या पेन्शनवर डोळा ठेवून आहे. आणि ही आठ वर्षं स्वतःची पेन्शन माझ्यापासून सांभाळत होती! याला विश्वासघात म्हणतात. इतका मोठा शब्द मी सहज वापरत नाही.

पपई फार तिखट केली होती. मुद्दाम.

९ मार्च

बोलत नाही. तिच्या लक्षात आलेलं नाही.

११ मार्च

बोललो. व्यवहाराने. म्हटलं, मास्तरांची जी काय पेन्शन असेल ती बंद झाली, तर तेवढी रक्कम मी तुला दर महिन्याला देत जाईन. एका सभ्य इंग्रजाचा शब्द.

ती म्हणाली, शब्द नको. बारा महिने माझ्या खात्यात जमा करून दाखवा. एकही महिना कमी नको. मग बघू.

मी म्हटलं, सरासरीने—

ती आत निघून गेली.

१३ मार्च

केस कापायला गेलो. न्हावी म्हणाला, या नवरदेव. खुर्चीतले दोघे हसले. एकाने विचारलं, फॅनला किती स्पीड आहेत? न्हाव्याचे पैसे दिले आणि कानाच्या वरचं राहिलंय हे दाखवून पुन्हा कापून घेतलं. आपण आपला दर्जा सोडायचा नाही.

फॅन वानदीने देवळात देऊन टाकला. पुण्य तिच्या नावावर. पैसे माझे.

१७ मार्च

हालवारला वाटेत गाठलं. म्हटलं, तुझी बायको चहाड्या करते. तो म्हणाला, खरं आहे, माझ्यासुद्धा करते. मग म्हणाला, वानदीच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. मी त्याला सांगितलं की फेरीबोट म्हणजे दोन काठांमध्ये जन्मभर ये-जा, कुठेच न पोचणं. त्याला लागलं असणार. म्हणाला, छान बोललास.

दुपारी इमिग्रेशन. चौथी खेप. कॅप्टनबाईंना सांगितलं की लग्न ठरलंय, वधूला थोडा वेळ हवाय, तोवर मुदत वाढवून द्या.

त्यांनी विचारलं, वधू हो म्हणाली का?

मी म्हटलं, तत्त्वतः नाही म्हणालेली नाही.

त्या म्हणाल्या, काका, नकार मिळाल्याचा फॉर्म नाही आमच्याकडे. मग पेन्सिल खाली ठेवली आणि जरा हळू बोलल्या. म्हणाल्या, मुदत संपेपर्यंत इथे थांबू नका, नाव खराब होतं. आधीच सरहद्दीच्या पुलापलीकडे लाओसला जा, पर्यटक म्हणून परत या, साठ दिवस मिळतील. तेवढ्यात पैसे जमवता आले तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करा.

पर्यटक! मी! या गावात कुठलं कुत्रं कुणाचं हे मला माहीत आहे!

त्यांना मी सांगितलं की तुम्ही उत्तम परीक्षक झाला असता. टोमणा होता. त्या थँक्यू म्हणाल्या.

१९ मार्च

ठरलं. परतच यायचं नाही. इंग्लंड आहे ना. उगाच इथे उकाड्यात, धुरात, या लोकांची बोलणी खात का राहायचं? माझं वय एकाहत्तर. स्वतःची भाषा, स्वतःचं हवामान, बिअर दुकानातून आणून घरी मोजत नव्हे, तर पबमध्ये बसून.

संध्याकाळी बहिणीला फोन केला. मॉरीन, वुल्व्हरहॅम्प्टनला असते. सांगितलं, येतोय. तिने आधी तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, किती दिवसांसाठी? मी म्हटलं, कायमचा. म्हणाली, मागच्या खोलीत आता व्यायामाची सायकल आहे. मी म्हटलं, सायकल हलवता येते. ती म्हणाली, ट्रेव्हर, ती सायकल मी रोज वापरते रे.

लाइन खराब होती. ठेवून दिला.

वानदीने विचारलं, बहीण काय म्हणते? मी म्हटलं, फार आग्रह करते, पण मीच अजून ठरवलं नाही.

तिने माझ्या ताटात आणखी एक तळलेला मासा वाढला. आंबवलेला प्रकार आज नव्हता.

२० मार्च

निघालो. वानदी बसस्टँडपर्यंत स्कूटरवर घेऊन आली. मी मागे बसलो होतो. वळताना तिने आरसा बघितला नाही, ते मी सांगितलं. केळीच्या पानात चिकट भात आणि वाळवलेलं मांस बांधून दिलं. म्हटलं, कदाचित मी परत येणार नाही. ती म्हणाली, बरं. शनिवारी आलात तर येताना पलीकडची कॉफी आणा, काम्पानला आवडते.

बसमध्ये शेजारी एक कोंबडा. टोपलीत. तिकीट नव्हतं त्याचं.

२१ मार्च, व्हिएंतियान, लाओस

गेस्टहाउस. उशी विटेची. मुदत आज संपली आणि मी थायलंडच्या हद्दीत नाही. म्हणजे कायदेशीर विजय माझाच.

नदीकाठी बसलो. पलीकडे थायलंड दिसतं. पाणी इतकं उतरलंय की चालत जाता येईल असं वाटतं. भात संपला. दुकानात घेतला तो तसा नाही.

इथे कुणी तेवा म्हणत नाही. कुणी काहीच म्हणत नाही.

कॉफी घेतली. फक्त किंमत कळावी म्हणून. दोन पाकिटं.

२२ मार्च, शनिवार

पूल. थायलंडच्या बाजूच्या काउंटरवर एक कोवळा अधिकारी, मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नाही. पासपोर्टची पानं उलटत राहिला, आठ वर्षांचे शिक्के. म्हणाला, इतकी वर्षं निवृत्त होता, आता पर्यटक कसे?

मी त्याला तांत्रिक बाजू समजावू लागलो. तो म्हणाला, बाजूला उभे राहा. कुठे उतरणार? कुणाकडे? ओळखीच्या माणसाचा नंबर द्या.

दिला. त्याने फोन लावला, स्पीकर तसाच चालू. मागे रांग. वानदीचा आवाज आला, मागे मुसळाचा ठक ठक.

त्याने विचारलं, ट्रेव्हर नावाचे एक गोरे गृहस्थ आहेत, तुमचे कोण?

मुसळ थांबलं. मी काउंटरची कडा धरून उभा होतो. तिच्यापुढे निवडायला बरेच शब्द होते. ते सगळे मला येतात. आठ वर्षांत तेवढी भाषा शिकलोय.

ती म्हणाली, आमच्याकडे राहतो. म्हातारा आहे. सोडा त्याला लवकर, उन्हात उभं करू नका.

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि शिक्का मारला. साठ दिवस. मला म्हणाला, जा आजोबा, घरी वाट बघतायत.

हे पूर्णपणे चुकीचं आहे. मी उन्हात उभा नव्हतो. वर पत्रे होते, मी चांगला सावलीत होतो. घरी गेल्या गेल्या तिला हे स्पष्ट सांगायचं.